शोएबुल्लाखानाचे शहर

९ ऑगस्ट २००७. हैदराबादच्या बशीरबागेतल्या प्रेस क्लबमध्ये बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीन यांच्या ‘शोध’ या कादंबरीच्या तेलुगू अनुवादाचे प्रकाशन होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाचे तीन आमदार कार्यकर्त्यांचा जथा घेऊन सभागृहात शिरले. आधी शिवीगाळ झाली आणि मग हाताला लागेल ते लेखिकेच्या अंगावर फेकायला सुरुवात झाली. तिच्या स्वागतासाठी आणलेले पुष्पगुच्छही त्यातून सुटले नाहीत. ती मागे सरकत भिंतीपर्यंत गेली. नरिसेट्टी इन्नय्या हे आयुष्यभर विवेकवादी चळवळीत वावरलेले वयस्कर गृहस्थ तिच्यापुढे आडवे उभे राहिले आणि त्यांनी मार अंगावर घेतला. पत्रकारांनी तिच्याभोवती कडे केले. वार्तांकनासाठी आलेले कॅमेरे हे सगळे टिपत होते आणि संध्याकाळपर्यंत ते देशभर पोचले.

‘शोध’मध्ये धर्मचिकित्सा नाही. संशयी नवऱ्याच्या हाती सापडलेल्या एका बाईची आणि तिने घेतलेल्या बदल्याची ती गोष्ट आहे. आमदारांना पुस्तकाशी काही देणेघेणे नव्हते. १९९३ च्या ‘लज्जा’ या कादंबरीपासून लेखिकेचे नाव त्यांना ठाऊक होते आणि तेवढे पुरेसे होते. आमदारांना अटक झाली, जामीनही झाला. त्यानंतर दोन दिवसांत पोलिसांनी जिच्यावर हल्ला झाला होता तिच्यावरच, दोन समाजांत तेढ पसरवल्याबद्दल कलम १५३अ खाली गुन्हा नोंदवला. तक्रार मजलिसच्या नेत्यांची होती. नोव्हेंबरमध्ये, त्या राहत होत्या त्या कोलकात्यात दंगल झाली, तस्लिमांना तिथून हलवण्यात आले आणि मार्च २००८ मध्ये त्या देश सोडून गेल्या.

प्रेस क्लबमधली ती काही मिनिटे पुण्या-मुंबईच्या घराघरांत पाहिली गेली. हैदराबादचा मुसलमान म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे आजही तेच चेहरे येतात. त्या चेहऱ्यांचा मला संताप आहे, कारण एका लेखिकेला मारायला आलेल्या माणसांनी लाखो लोकांच्या वतीने बोलण्याचा मक्ता परस्पर घेतला आणि आपण सगळ्यांनी तो मान्य केला. बातमीदारांनी केला, सरकारने केला, आणि ज्यांना मुसलमानांविषयी वाईट बोलायचेच होते त्यांनी तर आनंदाने केला.

त्याच वर्षी या शहरात आणखी काय घडले होते ते आठवले पाहिजे. १८ मे २००७ ला शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मक्का मशिदीत स्फोट झाला. नऊ माणसे स्फोटात गेली आणि नंतरच्या गोळीबारात आणखी पाच. मेलेले मुसलमान, आणि संशयावरून उचललेली पोरेही मुसलमान. जुन्या शहरातली डझनावारी तरुण मुले चौकशीसाठी नेली गेली. त्यांचे कसे हाल झाले हे राज्य अल्पसंख्याक आयोगाच्या वतीने वकील रवी चंदर यांनी लिहून ठेवले. पुढे तपासाची दिशा हिंदुत्ववादी गटांकडे वळली, स्वामी असीमानंद आणि इतरांवर खटला चालला, आणि १६ एप्रिल २०१८ ला तेही निर्दोष सुटले. मधल्या काळात राज्य सरकारने सत्तर जणांना नुकसानभरपाई दिली होती. ती उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. स्फोट कोणी केला या प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर आजही नाही. पण ज्या पोरांना उचलून नेले होते, त्यांच्या नोकऱ्या, ठरलेली लग्ने, मोहल्ल्यातली पत यांचा निकाल केव्हाच लागून गेला होता. प्रेस क्लबच्या प्रसंगाची चित्रफीत होती. या मुलांची चित्रफीत नव्हती, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

मराठी वाचकाला हैदराबाद परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. इसामिया बाजार, कोठी, काचीगुडा या वस्त्यांत आजही मराठी घरे आहेत, मराठी साहित्य परिषद आहे, विवेक वर्धिनी आहे. आणि लिहिण्या-बोलण्यावर बंदी म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या जुन्या पिढीने पुस्तकात वाचले नव्हते, ते भोगले होते. निझामाच्या ‘गश्ती निशाण ५३’ या फतव्याने परवानगीशिवाय सभा घेणे बंद केले होते. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाच्या हद्दीबाहेर पुण्यातून काढले, तर त्यालाही संस्थानात बंदी. त्या राजवटीतला मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण आपल्याकडे तिथूनच रुजले. निझामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता, म्हणजे आपल्याच गल्लीतला.

पण त्याच राजवटीत, काचीगुड्यापासून चार पावलांवर शोएबुल्लाखान हा पत्रकार मारला गेला. तो जन्माने, नावाने आणि श्रद्धेने मुसलमान. १९२० चा जन्म, आजच्या तेलंगणातल्या खम्मम-महबूबाबादच्या बाजूचा. वडील रेल्वे पोलिसात. घरात त्याला लाडाने गांधी म्हणत, असे सांगतात. उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर. सरकारी नोकरी मिळवणे त्या काळी अशा मुलाला अवघड नव्हते. तो मात्र उर्दू पत्रकारितेत गेला. ‘तेज’ बंद पडले, मंदुमुला नरसिंगराव यांचे ‘रय्यत’ सरकारने बंद पाडले, तेव्हा त्याने नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘इमरोज’ सुरू केले. रझाकार खेड्यापाड्यांत काय करत आहेत ते तो उर्दूत छापत होता, म्हणजे ज्यांच्या नावाने हे चालले होते त्यांच्याच भाषेत. दिवसा एक सरकार आणि रात्री दुसरे, अशा अर्थाचा मथळा देऊन त्याने अग्रलेख लिहिला होता. धमक्या येत होत्या. तो पायी घरी जात होता.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन काढले: रझाकार संघटना मोडा आणि हैदराबाद भारतात विलीन करा. सह्या करणाऱ्यांत फरीद मिर्झा होते. ते नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी राजीनामा दिला होता. ‘इमरोज’ने हे निवेदन छापले. जे हात आपल्याविरुद्ध उठतील ते छाटले जातील, अशा आशयाचे भाषण रझवीने त्याच आठवड्यात केले. २१ ऑगस्टच्या रात्री काम संपवून शोएबुल्लाखान मेव्हणा इस्माइलखान याच्यासह घराकडे निघाला. वाटेत त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि ज्या हाताने तो लिहीत होता तो हात तोडला. इस्माइलखानही जबर जखमी झाला. पहाटे शोएबुल्लाखान गेला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. चार आठवड्यांत भारतीय फौज हैदराबादेत आली आणि निझामाने शरणागती पत्करली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिनाचे झेंडावंदन होते, भाषणे होतात. रझवीचे नाव त्यात हमखास असते. फरीद मिर्झांचे नाव नांदेडातसुद्धा किती व्यासपीठांवरून घेतले जाते? शोएबुल्लाखान अनंतराव भालेरावांच्या, नरहर कुरुंदकरांच्या पिढीला ठाऊक होता. आजच्या शाळकरी पोराला तो कोणी सांगत नाही. मुस्लिम समाजात मतभेद असतात, त्यातले काही लोक मतासाठी जीव देतात, ही साधी गोष्ट आपल्या सार्वजनिक आठवणीतून गळाली. उरला तो रझाकार.

आणि फौज आल्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, हेही आपण दडवले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीत ‘पयाम’ या हैदराबादच्या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले काझी अब्दुल गफ्फार होते. समितीने त्या आठवड्यांतल्या हिंसाचारातील मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान मांडला. मरणारे बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावे आहेत. मुसलमान शेजाऱ्यांना ज्या हिंदूंनी वाचवले त्यांचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल अनेक दशके सरकारी कपाटात बंद राहिला. रझाकारांचे अत्याचार जितक्या मोकळेपणाने सांगितले गेले, तितक्या मोकळेपणाने हे सांगितले गेले असते, तर मराठवाड्यातले हिंदू-मुसलमान एकमेकांशी अधिक खरे बोलू शकले असते, असे मला मनापासून वाटते.

आता कायद्याकडे येऊ. भावना दुखावल्याची तक्रार ज्या २९५अ कलमाखाली होत आली, ते जन्मले लाहोरच्या प्रकरणातून. प्रकाशक राजपाल याने १९२४ मध्ये पैगंबरांविषयी एक पुस्तिका छापली. १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण अशा लिखाणाला तेव्हाच्या कायद्यात गुन्हा ठरवता येत नव्हते. संताप उसळला, म्हणून त्याच वर्षी हे कलम आणले गेले. कलम आले तरी राजपालचा १९२९ मध्ये खून झालाच. ज्याला शांत करायचे म्हणून कायदा केला तो जमाव कायद्याने शांत झाला नाही, हे तेव्हाच दिसले होते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण अट घातली: जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला अपमानच त्यात बसेल. आज भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९९ म्हणून आहे. न्यायालयाची अट पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचत नाही. तिथे मोजले जाते ते बाहेर किती माणसे उभी आहेत.

या हिशेबात एकाच माणसाची दोन्हीकडून कोंडी कशी होते, हे मकबूल फिदा हुसेन यांच्याकडे पाहिले की कळते. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराचे हैदराबादवर प्रेम होते. तिथे त्यांनी ‘सिनेमाघर’ उभारले आणि ‘मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज’मधले एक शहरही हैदराबादच होते. २००४ मध्ये तो चित्रपट आला आणि एका कव्वालीत कुराणातले शब्द वापरले म्हणून मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला. चित्रपट चित्रगृहांतून काढून घेतला गेला. दोन वर्षांनी देवींच्या चित्रांवरून हिंदू संघटनांनी त्यांना देशाबाहेर घालवले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ ला लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. हुसेन यांच्यावरच्या हिंदू संघटनांच्या हल्ल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ‘मीनाक्षी’विषयी फार कमी. आपली सहानुभूतीही बाजू बघून जागी होते, आणि ते मला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांचे मोठे अपयश वाटते.

हैदराबादेत भाषणाचा दुसरा बाजारही आहे. डिसेंबर २०१२ मध्ये निर्मल इथे मजलिसचे आमदार अकबरुद्दीन ओवैसींनी केलेले भाषण देशभर गाजले. अटक झाली, सुमारे चाळीस दिवस कोठडी झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोशामहलचे तेव्हाचे भाजप आमदार टी. राजासिंह यांनी पैगंबरांविषयी अपमानास्पद चित्रफीत प्रसारित केली. अटक, त्याच दिवशी जामीन, जुन्या शहरात रात्रभर निदर्शने. शालीबंड्यात पोरे रस्त्यावर उतरली. काहींनी शिर धडावेगळे करण्याच्या घोषणा दिल्या. त्या घोषणा भयंकर होत्या आणि त्यांचे समर्थन कोणत्याही दुखावलेल्या भावनेने होत नाही. दूरचित्रवाणीने तेवढ्याच पुन्हा पुन्हा दाखवल्या. सरकारने राजासिंह यांना २५ ऑगस्टला प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पुन्हा उचलले. खटल्याविना आत ठेवणारा हा कायदा मूळचा गुंडांसाठी. उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबरला स्थानबद्धता रद्द केली. द्वेषाच्या भाषणावर सरळ खटला चालवून निकाल लावण्याऐवजी सरकारने आडवाट धरली, आणि त्यातून राजासिंह यांना बळी म्हणून मिरवता आले. दरम्यान २६ ऑगस्टच्या शुक्रवारी काय होणार याची धास्ती होती. मजलिसचे नेते असदुद्दीन ओवैसींनी घोषणा न देता नमाज पढून घरी जाण्याचे आवाहन केले होते. मक्का मशिदीत नमाज झाली, लोक घरी गेले. शांत शुक्रवारची बातमी कोण चालवणार?

राजासिंह चिडले होते ते मुनव्वर फारूकीच्या कार्यक्रमामुळे. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ ला या विनोदकाराला, न केलेल्या विनोदाबद्दल, मंचावरून उचलले होते; महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. नंतर शहरामागून शहरात त्याचे कार्यक्रम रद्द झाले, बंगळुरूचाही. तेलंगणाचे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी त्याला जाहीर आमंत्रण दिले. मंच जाळण्याच्या धमक्या आल्या. २० ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी माधापूरच्या शिल्पकला वेदिकेभोवती मोठा पोलीस बंदोबस्त होता. विरोध करायला आलेल्यांना बाहेरच ताब्यात घेतले, आत जाणाऱ्यांची तपासणी झाली आणि कार्यक्रम सुरळीत पार पडला.

म्हणजे सरकारने ठरवले तर बोलणाऱ्याला संरक्षण देता येते. बशीरबागेत तस्लिमा नसरीन यांच्यासाठी हे का ठरवले गेले नाही, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना विचारायला हवे होते. तेव्हा मजलिस सत्ताधारी काँग्रेसच्या सोबत होती.