तारप्याला कंपनी कधी नव्हतीच

रेकॉर्डवर पोट भरायचे दिवस गेले, ही हाकाटी मुंबई-पुण्यात आता जुनी झाली. एचएमव्हीची मक्तेदारी गुलशनकुमारांच्या स्वस्त कॅसेटींनी मोडली, कॅसेटी सीडीने संपवल्या, १९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि पुढची पंधरा वर्षं जगभर या धंद्याचा गल्ला आटतच गेला. स्ट्रीमिंगमुळे तो पुन्हा भरू लागला, पण वादकाच्या खिशापर्यंत फारसं पोचत नाही. मग कलावंत पुन्हा मैफलीकडे, लग्नांकडे, शिकवण्यांकडे वळले. नवी वाट सापडली म्हणे! मला अशा वेळी वावर आठवतं.

वऱ्हाडात वावर म्हणजे शेत; इथे ते जव्हार तालुक्यातलं गाव. १९९२-९३ मध्ये ‘वावर-वांगणी’ हे नाव कुपोषणामुळे पेपरात आलं आणि बाहेरच्यांना अजून तेवढंच ठाऊक आहे. या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तारपा वाजतो. वाळवलेला दुध्या, बांबूच्या नळ्या, पुढे ताडपत्रांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवण्याआधी मेण अंगठ्याने दाबून बघायचं, बांबूची जिभली ओली करायची. मग गाल फुगतात ते फुगलेलेच; श्वास नाकाने आत जात राहतो, सूर तुटत नाही. नाचणारे वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. नवं धान्य घरात यायच्या सुमाराला हे रात्र-रात्र चालतं. मोबदला म्हणजे जेवण, थोडी दारू आणि मान.

आता तो मान दिल्लीहूनही येतो. याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६ च्या पद्मश्रींच्या यादीत आलं, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. ते तारपे बनवतातही, आणि मला वाटतं खरं शहाणपण तिथे आहे: सूर विकता येत नसेल तर वाद्य विकावं, शिकवावं. महोत्सवांचा मंचही आहे, पण तिथे रात्रभराचा नाच दहा मिनिटांत कोंबतात. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. त्यासाठी कलेतल्या वर्षांचे कागद लागतात. खळ्यावर वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार?

लग्नात मात्र बँजो पार्टी आणि डीजे. कीबोर्डवर तारप्याचाच सूर काढतात, युट्यूबवर त्याची गाणी चालतात. पोरं नाचतात, मीही नाचलोय. नावं ठेवायला तोंड नाही; प्रश्न पैशाचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तारप्याच्या चालीला असा एक संगीतकार नाही, ती पाड्यांची. म्हणून ती वाजली की पैसे वाजवणाऱ्याला, स्पीकरवाल्याला, चॅनेलवाल्याला. पाड्याला काही नाही.

पण मला खरी धास्ती वेगळीच आहे. शहरी गायकाची कंपनी गेली तरी श्रोते उरले. इथे श्रोता म्हणजेच नाचणारा, आणि दिवाळी उरकली की तो बायकापोरांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. टेम्पो पहाटे येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढतात. तारपा घरीच राहतो, आढ्याला टांगलेला.