वहाण उगारणारी आवली

पहाटे ५
नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कीर्तन चालू आहे. गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा काळ १७०८ मध्ये याच गावी गेला. शीख परंपरेत गुरूंची भूमिका नटानं करणं मान्य नाही. 'नानक शाह फकीर' या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही २०१८ मध्ये अकाल तख्तानं निर्मात्याला पंथाबाहेर काढलं. हे बंधन मला तरी दिग्दर्शकाच्या फायद्याचं वाटतं. गुरू पडद्यावर आणायचेच नाहीत म्हटल्यावर भक्ताकडे बघणं आलं. लंगरमध्ये परशादे लाटणाऱ्या बायांकडे, दारातले जोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

सकाळी ११
चित्रपट रसास्वादाचा वर्ग. 'संत तुकाराम', १९३६, प्रभात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. पोरांना मी तुकोबांच्या बायकोचा, आवलीचा प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो. लेकरू आजारी, घरात दाणा नाही. ती पोराला एका हातानं ओढत देवळात नेते आणि दुसऱ्या हातातली वहाण थेट पांडुरंगावर उगारते. प्रभातमध्ये किरकोळ कामं करत पुढे आलेल्या गौरी यांनी ही आवली उभी केली. पदर सुटलाय, आवाज चिरकलाय, आणि त्या भांडणात देव आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. एवढी सख्खी श्रद्धा मी दुसऱ्या कुठल्याही सिनेमात बघितलेली नाही.

एक मुलगी विचारते, "सर, यातला चमत्कार पटतो, मग आत्ताच्या मालिकांमधला का पटत नाही?"

चमत्काराआधी भूक दाखवली आहे म्हणून. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा डोळे मिटून गातो तेव्हा घरातलं रिकामं मडकं आपण विसरलेलो नसतो. याच सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक रचना पुढं लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून गायली, इतकं सगळं एकजीव झालं होतं.

दुपारी २
एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर.

संध्याकाळी ७
लातूर, गंजगोलाईजवळचं सभागृह. तोच सिनेमा, या वेळी पूर्ण. बायांची गर्दी जास्त. वहाणेच्या प्रसंगाला कुणी हसलं, तर पुढच्या रांगेतल्या आजी मागं वळून म्हणाल्या, "हसता काय रे? लेकरू आजारी पडल्यावर कोण गप बसंल?" शेवटी तुकोबा वैकुंठाला बोलावतात आणि आवली पोरांच्या, संसाराच्या पायी मागं राहते, तेव्हा बऱ्याच जणींच्या डोळ्यांना पदर होता.

रात्री १०
गंगाखेडची जनाबाई, नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ, सगळे आपल्या मराठवाड्याचे. त्यांच्यावर सिनेमा काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आभाळातून प्रकाशाचे झोत सोडण्याआधी जनीच्या जात्यापाशी बसा आणि दळण केवढं पडलंय ते आधी दाखवा.