मोरीची दुर्गंधी येते कोठून?

मोरीला वास येऊ लागला की पहिली धाव फिनेलच्या बाटलीकडे जाते. दोन दिवस घरात फिनेलचा वास येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा मूळचा. मग ॲसिड, त्यानंतर ब्लीचिंग पावडर. पैसे गेले, वास तसाच! आमचे सांगणे एवढेच की, आधी जागा शोधावी आणि मग औषध पाहावे. बहुतेक घरांत औषधाची गरजच पडत नाही.

सांडपाण्याच्या नळीचे दुसरे टोक शोषखड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात असते. तेथे हवा न लागता घाण कुजते आणि हायड्रोजन सल्फाईड नावाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो. तो नळीवाटे उलट घरात यायला पाहतो. त्याला अडवते ते नळीच्या वाकात साचून राहणारे दोन इंच पाणी. ही युक्ती जुनी आहे. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने 1775 साली वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले होते. आपल्या गवंड्यांच्या तोंडी असलेला 'नहाणी ट्रॅप' तो हाच. आपली न्हाणी इंजिनिअरांच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे. तेव्हा मोरी म्हणा, न्हाणी म्हणा, की कानडी शेजाऱ्यांप्रमाणे बच्चल म्हणा, वास आला म्हणजे हे पाणी कोठेतरी नाही, किंवा वायूने त्याला वळसा घालून दुसरी वाट काढली आहे, असे समजावे.

शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट. घरात बसून राहिलेल्या नाकाला घरचा वास कळत नाही. शेतातून परत येताच, अंगणात क्षणभर थांबून मग आत जावे आणि वास कोणत्या खोलीत जास्त आहे ते पाहावे. पेलाभर पाणी अंगणात नेऊन हुंगावे. पाण्यालाच वास असेल तर दोष विहिरीचा किंवा टाकीचा, मोरीचा नव्हे. सडक्या मांसासारखा वास असेल तर कौलांत किंवा माळ्यावर मेलेला उंदीर शोधावा.

आता रात्रीचा उपाय. सर्वांची कामे झाली की मोरी, स्वयंपाकघर, संडास अशा प्रत्येक ठिकाणी तांब्याभर स्वच्छ पाणी ओतावे. मग मोरीच्या व सिंकच्या प्रत्येक भोकावर पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसेल अशी ठेवावी. सकाळी एकेक पिशवी उचलून वाकून पाहावे. जी उचलताच नाकाला झोंबेल ती जागा चोर! सर्व पिशव्या जागेवर असूनही खोलीत वास असेल, तर चूक भोकात नसून सांध्यात किंवा भिंतीत आहे.

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारा चोर स्वयंपाकघरातील सिंकखाली असतो. सिंकची वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी जमिनीतल्या भोकात नुसती खुपसलेली असते. नळी सव्वा इंचाची, भोक तीन इंचांचे. उरलेल्या फटीतून रात्रभर वायू येत राहतो. फटीत चिंधी कोंबून भागत नाही, ती कुजून आणखी वास देते. रबरी बूच मिळते, ते बसवावे, आणि नळीला एक वाक देऊन तारेने बांधावे म्हणजे त्यात पाणी राहील. सिंकचा वास आंबूस, तुपकट असेल तर मात्र तो नळीत साचलेल्या तेलकट थराचा असतो. नळी काढून घासावी, तव्यावरचे तेल राखेने पुसून मगच तवा धुवावा.

दुसरा चोर मोरीच्या जाळीखाली. पाणी लवकर जावे म्हणून जाळीखालची वाटी कोणीतरी काढून ठेवते आणि ती परत बसत नाही. वाटी हाच तेथील पाण्याचा सापळा असतो.

मुले मुंबई-पुण्याला, त्यांच्या खोलीचे न्हाणीघर नाताळापासून मे महिन्यापर्यंत बंद, असेही पुष्कळ घरांत असते. तेथील पाणी आटते आणि वाट मोकळी होते. पंधरा दिवसांनी एक तांब्या पाणी ओतावे. फार दिवस जमणार नसेल तर वरून चमचाभर गोडे तेल सोडावे, पाणी हळू आटते.

संडासात बादली ओतताच मोरीत गुडगुड आवाज होत असेल, तर हवेची नळी नाही किंवा ती तुंबली आहे. जोराने जाणारे पाणी शेजारच्या सापळ्यातले पाणी ओढून नेते. हवेची नळी छपराच्या वरपर्यंत न्यावी व तोंडाला जाळी बांधावी.

चोर भिंतीत असेल तर दाट निळीचे पाणी संडासात ओतून बाहेरच्या भिंतीकडे व जमिनीकडे लक्ष ठेवावे. निळा ओलावा दिसला तर नळी फुटली आहे. हे काम टाळू नये, कारण फुटलेल्या नळीचे पाणी विहिरीकडे जाऊ शकते. खानापूरकडच्या जांभ्या दगडात पाणी भेगांतून लांबवर धावते. शोषखड्डा व विहीर यांत निदान 10 मीटर अंतर सांगतात, जांभ्यात आम्ही त्याहून जास्तच ठेवू.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही ओतू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि दोष टाकीत निघाला तरी कोणीही आत उतरू नये, कोणाला उतरवू नये. हा वायू वाढला, म्हणजे हवेच्या 10 लाख भागांत 100 भागांच्या आसपास गेला, की नाक बधिर होते. वास गेला म्हणून धोका गेला असे वाटते, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी बोलवावी, झाकण उघडे असताना जवळ विडी-काडी पेटवू नये कारण टाकीत मिथेनही असतो, मुलांना व जनावरांना दूर बांधून-थांबवून ठेवावे, आणि गाडी गेल्यावर झाकण बसवून त्याचा सांधा त्याच दिवशी सिमेंटने भरून घ्यावा.