तुमचं मूल काकाजी की आचार्य? स्वभावाचे प्रकार आणि आपली जुनी नाटकं



"बाई, यातला मी कोण?" नाटकाचा उतारा वर्गात वाचून झाला की हा प्रश्न येतोच. मुलांना स्वतःला कुठल्यातरी पात्राशी जोडून बघायला फार आवडतं. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही आवडतं. स्टाफरूममध्ये आपण नाही का म्हणत, "तो अगदी फाल्गुनराव आहे बरं का, संशयी!"

माणसांचे प्रकार पाडायची हौस जुनीच आहे. नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. राम धीरोदात्त, कलासक्त उदयन धीरललित, 'मृच्छकटिक'मधला चारुदत्त धीरप्रशांत. चौघांच्याही नावात 'धीर' आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. अलीकडच्या काळात कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख अशी मांडणी केली. तिच्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली. ती आता प्रशिक्षणांतूनही वाटली जाते. पण तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, म्हणून अनेक मानसशास्त्रज्ञ तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. तेव्हा ती गंमत म्हणून भरा, निदान म्हणून नको.

मला स्वतःला या कामासाठी नाटक जास्त उपयोगी वाटतं. प्रश्नावली माणसाला शांत खुर्चीत बसवून विचारते. नाटक त्याला अडचणीत टाकतं आणि मग बघतं.

पु. ल. देशपांडे यांचं 'तुझे आहे तुजपाशी' घ्या. १९५७ चं नाटक. एकीकडे रसिक, खवय्ये, गप्पिष्ट काकाजी, दुसरीकडे कडक शिस्तीचे, व्रतस्थ आचार्य. वर्गात जोड्या लावायला सांगितलं की सगळ्यांना काकाजी व्हायचं असतं, आणि आचार्यांच्या वाट्याला वर्गातला एखादा 'शहाणा' मुलगा येतो, तोही हसत-खिदळत ढकललेला. पण नाटक तिथे थांबत नाही ना! ज्यांना आपण दोन अंक हसलो ते आचार्य शेवटी आपल्या आयुष्यातलं रितेपण काकाजींसमोर बोलून दाखवतात, आणि मौजमजा करणारे काकाजी ते समजून घेतात. म्हणजे बाहेरून दिसणारा 'प्रकार' हा अर्धाच माणूस होता. नववी-दहावीच्या मुलांना हे बरोबर कळतं, फक्त त्यांना शेवटापर्यंत न्यायला हवं. आपण बहुतेक वेळा विनोदी प्रवेश वाचून घेतो आणि तास संपतो.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चंही असंच होतं. आपण ते दारूबंदीच्या धड्यासारखं शिकवतो. सुधाकर मुळात कोण आहे? हुशार, मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, तो त्याला सोसवत नाही, आणि नेमक्या त्या वेळी तळीराम शेजारी असतो. त्या चार नायकांच्या नावातला 'धीर' इथे सुटतो. आपल्या वर्गात सुधाकर कोण, असं शोधायचं झालं तर बाकावर झोपणाऱ्या मुलाकडे बघू नका. दरवर्षी पहिला येणारा, आणि एकदा चारचौघांत चूक दाखवली तर आठवडाभर न बोलणारा मुलगा बघा. त्याला तळीराम भेटायच्या आत आपण भेटायला हवं.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' लहान वर्गात वाचण्याजोगं नाही, पण प्रत्येक शिक्षकाने वाचावं. लीला बेणारे ही शिक्षिकाच आहे. बडबडी, हसरी, सगळ्यांच्या फिरक्या घेणारी. कुठल्याही चाचणीत 'बहिर्मुख' हाच शिक्का बसला असता, आणि आत काय चाललंय ते कुणाला कळलं नसतं. मला याहून धक्का बसतो तो बाळू रोकडेचा. काशीकरांच्या आश्रयाने राहणारा, दबलेला, सगळ्यांनी हिडीसफिडीस केलेला मुलगा. पण तिला घेरायची वेळ आली की तोही पुढे होतो. 'गरीब स्वभावाचा' म्हणून आपण ज्याची कधी चिंता करत नाही, तो घोळक्यात काय करतो हे मधल्या सुट्टीत जाऊन बघा एकदा.

पालकांसाठी 'नटसम्राट' आहेच. अप्पासाहेब बेलवलकर उदार आहेत, प्रेमळ आहेत, आणि घरात कुणाला बोलू न देणारेही आहेत. मुलं वाईट निघाली एवढ्यावर सोडू नका.

आता माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी सलग दोन सत्रं 'अबोल, एकलकोंडा' असं लिहिलं. स्नेहसंमेलनात त्याला पडदा ओढायचं काम दिलं, स्वभावाला साजेसं म्हणून! पालकसभेत त्याची आई म्हणाली, "बाई, घरी याच्या तोंडाचा पट्टा चालूच असतो. पण पाहुणे आले की म्हणतो, मी बोलणार नाही, बाईंनी लिहिलंय मी अबोल आहे."

मला उत्तर सुचलं नाही. स्वभाव ओळखला म्हणून मी खूश होते आणि पोराने तो हुकूम समजून पाळला होता.

त्यानंतर मी प्रश्नच बदलला. "यातला तू कोण?" असं आता विचारत नाही. "आचार्यांच्या जागी असतास तर इथे काय बोलला असतास?" असं विचारते. आणि वाचन घेताना पात्रं उलटी वाटते. दंगेखोर मुलीला सिंधू, मितभाषी मुलाला काकाजी. पहिल्या दिवशी वाचन रडतखडत होतं, हसूही होतं. होऊ द्यावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज सापडायला लागतो. सगळ्यांनाच सापडतो असं नाही. काहींना ते नकोसंच होतं, त्यांना ओढू नये. स्वभावाबद्दलचे शेरेही मी थांबवले. 'या सत्रात गटात कमी बोलला' असं लिहिते, म्हणजे पुढच्या सत्राला जागा राहते.

त्या मुलाला मी काकाजी वाचायला दिला. पहिले दोन दिवस पुस्तकात तोंड घालून वाचलं, तिसऱ्या दिवशी लोडाला टेकल्यासारखा बाकावर रेलला आणि असा काही बोलला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तास संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, उद्या आचार्य मी वाचू का?"