ऐकण्याची तार गर्भात कशी जोडली जाते

बागलीच्या आसपासच्या खेड्यांत एखादे मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही हाकेला वळत नाही असे दिसले, म्हणजे घरची वडीलधारी मंडळी प्रथम आईकडे बोट दाखवितात. ही ग्रहणात बाहेर निघाली असेल, हिला कोणाची दृष्ट लागली असेल, असे कुजबुजले जाते. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूला असाच प्रश्न केला होता आणि प्रभूने त्या मनुष्याला व त्याच्या आईबापांना दोषमुक्त केले होते. ग्रहणाचा दोष आजच्या शास्त्रालाही कोठे आढळलेला नाही. मग ही बधिरता येते कोठून?

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस त्वचेवर एक जाडसर ठिपका उमटतो. तो आत खचून त्याची इवलीशी पिशवी बनते. हाच पुढचा अंतःकर्ण होय. या पिशवीतील काही पेशी बाहेर पडतात आणि श्रवणाच्या मज्जापेशी होतात. पेशीने मज्जापेशी व्हावे ही आज्ञा न्यूरोजेनिन-१ नावाचे जनुक देते. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेल्या आज्ञापत्रातील एक ओळच म्हणा ना. 1998 साली शास्त्रज्ञांनी हे जनुक नसलेले उंदीर तपासले, तेव्हा त्यांच्या अंतःकर्णात एकही मज्जापेशी जन्मलेली नव्हती. न्यूरो-डी-१ हे दुसरे जनुक या कोवळ्या पेशींना पुढे वाढवून जगविते.

दरम्यान त्या पिशवीचा एक भाग लांबत जाऊन शंखासारखा अडीच वेढे घेतो. त्यात अ‍ॅटोह-१ या जनुकाच्या हुकुमाने सूक्ष्म केस असलेल्या पेशी तयार होतात. आवाजाची थरथर याच पेशी झेलतात. मज्जापेशींचे तंतू त्यांच्याकडे वाढत येतात आणि त्या तंतूंना जगण्यास लागणारे पोषक द्रव्य शंखातूनच मिळते. ते न मिळाल्यास मज्जापेशी मरून जातात. बारीक आवाजाचे तंतू शंखाच्या बुडाशी, जाड आवाजाचे टोकाशी, अशा क्रमाने एका कानात सुमारे तीस हजार मज्जापेशी आपापली जागा धरतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला आवाज कळू लागतो. हरमोनियमच्या पट्ट्या ज्या क्रमाने मांडलेल्या असतात त्याच क्रमाने हे सारे मांडले जावे आणि तेही अंधारात, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

आता दोष कोठे शिरतो ते पाहू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागते. म्हणून धडधाकट आईबापांच्या ठायीही बिघडलेली प्रत लपून राहते. दोघांकडून तीच बिघडलेली प्रत आली, तरच मूल बहिरे जन्मते, आणि प्रत्येक गर्भाच्या वेळी ही शक्यता चारांत एक असते. दोष एकट्या आईचा नव्हे तो याचमुळे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील धडकाई गावात कित्येक माणसे जन्मतः बहिरी आहेत. तेथे ओटोफर्लिनच्या जनुकात बिघाड सापडला. या बिघाडात केसांच्या पेशी शाबूत असतात, परंतु त्यांचा निरोप मज्जातंतूस पोहोचत नाही. नात्यातच सोयरीक होत राहिली की एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांच्या विवाहास ख्रिस्तसभेचा कायदा सूट घेतल्यावाचून मान्यता देत नाही. लग्न ठरविताना आम्ही नात्याची चौकशी करतो त्याचा राग मानू नये. सर्वच बधिरता जनुकांची नसते हेही खरे. गरोदरपणी झालेल्या रुबेला या गोवरासारख्या आजाराने किंवा बाळाला झालेल्या मेंदूज्वरानेही कान जातात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बाळाच्या कानात लहानशी नळी घालून होणारी प्राथमिक तपासणी केसांच्या पेशी जाग्या आहेत एवढेच सांगते. ओटोफर्लिनचा दोष असलेले बाळ या तपासणीत सुखरूप उतरते आणि तरीही त्याला ऐकू येत नसते. म्हणून शंका राहिल्यास डोक्याला तारा लावून केली जाणारी ‘बेरा’ तपासणी मागून घ्यावी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा डॉक्टरांचा नेम आहे. मोठे झाल्यावर बोलेल म्हणून थांबण्यात भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

शांघाय येथे ओटोफर्लिनचे चांगले जनुक निरुपद्रवी विषाणूवर लादून सहा मुलांच्या कानात सोडण्यात आले. पाचांना ऐकू येऊ लागले, असे 2024 साली प्रसिद्ध झाले. हा उपाय त्या एकाच दोषावर चालतो. इतरांसाठी कानात बसविण्याचे विद्युत्-यंत्र आहे. शंखातील मज्जापेशी जिवंत असल्या तर ते त्यांनाच थेट चेतविते. गरीब कुटुंबांतील लहान मुलांना ते केंद्र सरकारच्या योजनेतून मिळते आणि त्याचे काम मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेकडे आहे. ज्यांना यंत्राचा लाभ नाही त्यांना खुणांची भाषा आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे बिशप लिओ म्युरिन यांनी बहिऱ्या मुलांची शाळा काढली, तेव्हा यांतले कोणतेही यंत्र नव्हते. तरी मुले शिकली.

आपल्या गावात हाकेला न वळणारे मूल असेल तर त्याच्या आईला आमच्याकडे पाठवा. देवासच्या जिल्हा रुग्णालयात द्यावयाची चिठ्ठी आम्ही लिहून देऊ.