वेगाला वेसण

जितका वेग अधिक तितकें यंत्र चांगलें, ही समजूत आज सर्वत्र रुजली आहे. संगणकावरील खेळांच्या बाजारांतहि तिचाच अंमल चालतो. अमुक पडदा सेकंदास १४४ चित्रें दाखवितो, अमुक ग्राफिक्स कार्ड सेकंदास २०० चित्रें काढतें, अशा आंकड्यांवर किंमती ठरतात. परंतु त्याच खेळांच्या सेटिंगच्या यादींत बहुधा एक ओळ अशीहि असते कीं, जिच्या योगें ही चित्रांची गति एका ठराविक आंकड्यावर रोखून धरतां येते. भरपूर पैसे मोजून घेतलेल्या वेगाला आपल्याच हातानें वेसण कां घालावी? ज्या घरांत मुलें संगणकावर खेळतात, तेथील वडील मंडळींनींहि या प्रश्नाचें उत्तर जाणून घेण्याजोगें आहे; कारण त्यांत डोळ्यांचें सुख, विजेचा खर्च आणि महागड्या यंत्राचें आयुष्य, या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

पडद्यावरील चित्र खरोखर हालत नसतें, हें सिनेमामुळें सर्वांस ठाऊक झालें आहे. स्थिर चित्रांची मालिका डोळ्यांपुढून झपाट्यानें सरकते आणि मन त्यांची सांखळी जुळवितें. अशा एकेका स्थिर चित्रास फ्रेम म्हणतात. बोलपट आल्यानंतर सिनेमांत सेकंदास २४ फ्रेम हें प्रमाण ठरून गेलें. तीं सर्व चित्रें आधींच तयार असल्यामुळें सिनेमाचा ठेका चुकत नाहीं. खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळणारा उजवीकडे वळेल कीं डावीकडे, हें आधीं कोणासच ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणीं नव्यानें रेखाटावें लागतें. हें काम ग्राफिक्स कार्डाचें. समोर मोकळें आकाश असलें कीं चित्र चटकन् निघतें; गजबजलेला बाजार, धूर, पाणी आणि सावल्या असल्या कीं वेळ लागतो. कार्डास मोकळें सोडलें तर तें एका घटकेस सेकंदाला १२० चित्रें काढील आणि दुसऱ्या घटकेस ४५ वर येईल.

पडद्याला मात्र स्वतःचा असा ठेका असतो. साधा पडदा सेकंदास ६० वेळां, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनीं, वरपासून खालपर्यंत नवें चित्र उतरवून घेतो. हें उतरविणें अर्ध्यावर आलें असतां कार्डानें पुढचें चित्र पुढें केलें, तर वरचा भाग जुन्या चित्राचा व खालचा नव्याचा, असा मध्येंच चिरलेला देखावा दिसतो. यावर ‘व्ही-सिंक’ नांवाचा उपाय आहे. त्यांत पडद्याचा एक फेरा पुरा होईपर्यंत कार्ड आपलें नवें चित्र अडवून ठेवतें. पण या उपायालाहि किंमत पडते. एखाद्या चित्रास १६.७ ऐवजीं १८ मिलिसेकंद लागले, तर त्याची गाडी चुकते आणि पुढच्या फेऱ्यापर्यंत, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद होईपर्यंत, त्यास तिष्ठत राहावें लागतें. शिवाय बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा अवधीहि वाढतो.

येथेंच मर्यादेचें मर्म आहे. डोळ्याला वेगाइतकीच समतेची चाड असते. तबल्याची लय विलंबित असली तरी गाणें रंगतें. पण ती मध्येंच धांवूं लागली आणि मध्येंच अडखळली, तर चांगला गवईहि गांगरतो. ५५ वरून ३५ वर आणि पुन्हां ५० वर हेलकावे खाणाऱ्या खेळापेक्षां सेकंदास नेमकीं ३० चित्रें देणारा खेळ पुष्कळांस अधिक सुखद वाटतो. सन २०२२ मध्यें निघालेल्या ‘स्टीम डेक’ या हातांत धरावयाच्या यंत्रांत पडद्याचा ठेकाच ४० वर आणण्याची सोय आहे. ४० हा आंकडा ३० च्या जवळचा भासतो खरा. पण चित्रामागें लागणारा काळ मोजला तर ३० ला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७ आणि ४० ला २५, म्हणजे अगदीं मधोमध. खेळ बराच सफाईदार होतो आणि बॅटरीहि ६० पेक्षां अधिक वेळ पुरते.

वेग मोकाट सुटला म्हणजे खेळाचे नियमहि कधीं कधीं बिघडतात. सन १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळांत शत्रू जसजसे मरत, तसतसें यंत्राचें ओझें हलकें होई आणि उरलेले शत्रू जलद धांवूं लागत. रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांनीं हा परिणाम मुद्दाम तसाच ठेवला आणि त्यांतून खेळाची रंगत वाढली. पण प्रत्येक वेळीं असें शुभ घडत नाहीं. सन १९८१ च्या आय.बी.एम. संगणकाचा ठोका सेकंदास सुमारें ४७ लाख ७० हजार इतका होता. त्या मापानें लिहिलेले खेळ पुढील जलद यंत्रांवर इतके पळूं लागले कीं, त्यांस जुन्या गतीवर आणण्यासाठीं यंत्रावर ‘टर्बो’ नांवाचें बटण बसवावें लागलें. सन २०१४ मधील ‘डार्क सोल्स २’ या खेळांत सेकंदास ६० चित्रें चालूं असतां शस्त्रें ३० च्या मानानें दुप्पट झिजत. खेळणाऱ्याचा कांहींएक अपराध नसतां त्याची तलवार मोडे!

सर्वांत मोठा प्रश्न उष्णतेचा. विशेष म्हणजे धोका नेहमीं घनघोर लढाईच्या वेळींच येतो असें नाहीं. खेळाच्या आरंभींच्या साध्या यादीचें चित्र काढणें अत्यंत सोपें असल्यामुळें मोकाट कार्ड तेंच चित्र सेकंदास शेंकडों वेळां काढीत बसतें. सन २०१० मध्यें ‘स्टारक्राफ्ट २’ खेळतांना अशा स्थिर देखाव्यांवर कार्डें तापत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हां खेळांत ६० व यादींत ३० अशी मर्यादा घालण्याची युक्ति कंपनीनें सांगितली. सन २०२१ मध्यें ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चांचणीच्या वेळीं तर कांहीं अत्यंत महाग कार्डें कायमचीं बंद पडलीं. तीं बनविणाऱ्या कारखान्यानें आपल्या थोड्या कार्डांत डाख नीट बसला नसल्याचें पुढें सांगितलें. खेळ काढणाऱ्यांनीं यादीच्या पानावर चित्रांची मर्यादा घातली. दोष कार्डाचा असला, तरी तो उघडा पाडला निरर्थक धांवेनें.

याचा अर्थ मर्यादा म्हणजे सर्व रोगांवर औषध असा नव्हे. चढाओढीच्या खेळांत अधिक चित्रें म्हणजे हाताला अधिक लवकर मिळणारा प्रतिसाद. तेथें मुरलेले खेळाडू वेग राखतात तें सकारण. उलट, सन २०१५ मध्यें ‘बॅटमॅन: अर्कहॅम नाइट’ हा खेळ संगणकावर ३० च्या मर्यादेंत जखडून आला आणि इतर दोषांचीहि भर पडून त्याची विक्री थांबवावी लागली. वेसण धन्याच्या हातीं शोभते. दुकानदारानें ती अडकवून विकूं नये. सन २०१३ मध्यें जाहीर झालेल्या ‘जी-सिंक’पासून असेहि पडदे मिळूं लागले आहेत कीं, जे कार्डाची वाट पाहून आपला ठेका बदलतात. पण तेथेंहि १४४ च्या पडद्यावर १४० च्या आसपास मर्यादा ठेवणें हितावह असतें, कारण वरची सीमा ओलांडली कीं हें सहकार्य तुटतें.

घरांतील पडदा ६० चा असेल तर ६०, आणि अवघड खेळांत कार्डाची दमछाक होत असेल तर ३०, एवढी साधी मांडणी बहुतेकांस पुरते. पंख्याची घरघर कमी होते, खोली तापत नाहीं, विजेचें बिलहि थोडें आवरतें. जीं चित्रें पडदा दाखवूंच शकत नाहीं, तीं काढण्यांत यंत्र झिजविण्यानें कोणाचेंच हित साधत नाहीं. वेग हें यंत्राचें सामर्थ्य खरें. पण तें कोठें थांबवावयाचें, हें ठरविण्याचा शहाणपणा मात्र माणसाकडेच असावा लागतो.