भिंतीला लागले ते कोणाचे?

मे महिन्यात बदल्यांचे हुकूम निघू लागले, की जळगावच्या महाबळ-पिंप्राळ्यात काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, दारोदारी सामानाचे टेम्पो उभे राहतात, आणि एखाद्या स्मृतिकारानेच सांगून ठेवला असावा इतक्या निश्चयाने एक सिद्धान्त कानी पडतो: "भिंतीत खिळा ठोकला, की ती वस्तू घरमालकाची." पारा पंचेचाळीस अंशांना भिडलेला असता, पदरच्या पैशाने बसविलेले पंखे आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरचा कूलर मागे ठेवून निघणारी सज्जन माणसे खानदेशात कमी नाहीत. त्यांच्या सौजन्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते, की हा सिद्धान्त निराधार आहे, आणि तो ठणकावून सांगणाऱ्यांपैकी एकानेही आजवर कायद्याचे कलम दाखविलेले नाही.

जमिनीस जे जडले ते जमिनीच्या धन्याचे, अशा आशयाचे एक लॅटिन वचन इंग्रजी कायद्यात आहे खरे. परंतु असा निरपवाद नियम या देशाच्या कायद्यात वा रूढीत आढळत नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८६६ सालीच, ठाकूर चंद्र परामाणिक विरुद्ध रामधन भट्टाचार्य या खटल्यात सांगून टाकले. आणि स्मृतीच पाहावयाची असेल, तर नारदस्मृती पाहावी: परक्याच्या जमिनीवर भाडे देऊन घर बांधणाऱ्याने निघताना छप्पर, लाकूड, विटा खुशाल न्याव्यात, भाडे न देता, धन्याच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्यास मात्र ती मुभा नाही. जिथे अख्खे छप्पर नेण्याची मोकळीक, तिथे पंख्याची ती काय कथा!

प्रचलित कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या कलम १०८ च्या 'एच' खंडानुसार, भाडेकरूने स्वतः जडविलेल्या वस्तू, भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावरही, जोवर घराचा कब्जा त्याच्याकडे आहे तोवर काढून नेता येतात. अट एवढीच, की जागा मिळाली त्या स्थितीत परत केली पाहिजे. म्हणजे कूलरच्या स्टँडने पाडलेली भोके सिमेंटने बुजवून, रंगाचा हात फिरवून मगच चावी द्यावयाची. "चावी देऊन टाकू, मोटर पुढच्या रविवारी नेऊ," असे म्हणणाऱ्याने मात्र आपला हक्क आपल्याच हाताने घालविला. शिवाय हे सारे करारनाम्यात वा स्थानिक वहिवाटीत विरुद्ध काही नसेल तरच, हे कलमाच्या आरंभीच नमूद आहे. सबब करारनामा न वाचता माझ्या भरवशावर स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये.

इथे एखादा चिकित्सक हरकत घेईल, की हल्ली अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार असतो आणि त्यात राहणारा भाडेकरू नव्हेच. हरकत रास्त आहे. परंतु त्यास लागू होणारा सुविधाधिकार अधिनियमही १८८२ चाच, आणि त्याचे कलम ६३ सांगते, की परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यास व ठेवू दिलेला माल हलविण्यास वाजवी मुदत मिळालीच पाहिजे. मालकाच्या संमतीने काय काय बसविले, याची यादी करारातच जोडली, तर निघण्याच्या दिवशीचा तंटा उद्भवतच नाही.

घर विकणाऱ्याचा समज नेमका उलटा: "पैसे मी घातले, मी नेणार." मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, घराबरोबर कुलुपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी केलेल्या इतर सर्व वस्तू खरेदीदाराकडे जातात. सौदा झाल्यावर सागवानी दार उतरवून त्या जागी प्लायवूडचे बसविणे म्हणजे विकलेलाच माल परत नेणे होय.

एसी वा स्वयंपाकाचा ओटा बसविला म्हणून मालक भाडेकरूस घराबाहेर काढू शकतो, हेही खोटे; लाकडी आडभिंत, फॉल्स सीलिंग, ओटा, एसी यांस महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १६ कायम बांधकाम समजत नाही, मात्र लागेल तिथे पालिकेची परवानगी हवी.

नेण्याचा हक्क असला म्हणून न्यावेच, असे नाही. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांची पुटे चढलेला जुना गीझर टेम्पोभाड्याच्याही लायकीचा नसतो. पंचाहत्तर वॅटचा पंखा खानदेशात दिवसाला पंधरा तास फिरला, तर एका युनिटाहून थोडी अधिक वीज खातो. तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा अर्ध्या युनिटाहूनही कमी घेतो, तेव्हा हा दुसरा असेल तर अवश्य न्यावा, पहिल्यासाठी शिडी चढू नये. मापाने शिवलेले मॉड्युलर किचन दुसऱ्या ओट्यास क्वचितच बसते. ते मालकालाच वाजवी किमतीस देऊन पावती घ्यावी. आणि एसी काढला की गॅस जातोच, हे कारागिराचे म्हणणे तर मुळीच ऐकू नये: यंत्र चालू ठेवून, आधी एक झडप आणि मग दुसरी बंद करीत, सारा गॅस बाहेरच्या युनिटात कोंडून घेता येतो.